भूमीवरचे हक्क आणि भूमीखालचे श्रम : ‘मॉईल’च्या वाटचालीचा वृत्तांत

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मांजरी बुद्रुक हे एक लहानसे स्थानक आहे. ऊस आणि द्राक्षे यांच्या संशोधनामुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर गेले; उत्तरेस मुळा-मुठेचे पात्र ओलांडले की मांजरी खुर्द लागते आणि त्यापुढे वाघोलीच्या बाजूस दगडाच्या खाणी व खडीची यंत्रे लागतात. फलाटावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या दृष्टीस रूळ नित्य पडतात. परंतु त्या रुळांच्या पोलादात शेकडा सुमारे एक भाग मँगनीज असते, आणि तो एक भाग नसता तर गाडीच्या भाराखाली तो रूळ फार दिवस तग धरू शकला नसता, ही गोष्ट त्याच्या मनात सहसा येत नाही. नोकरीची उमेदीची वर्षे रामटेक-तुमसरच्या मँगनीज खाणपट्ट्यात घालवून निवृत्तीनंतर मांजरीस स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात मात्र ती दररोज येते. आणि म्हणूनच या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘मॉईल’ या मँगनीज खाणसंस्थेचा इतिहास लिहिण्याची कामगिरी माझ्याकडे सोपविली, तेव्हा आपली योग्यता बेताची आहे हे ठाऊक असूनही ती मी आनंदाने स्वीकारली.

‘मॉईल’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे दप्तर सव्वाशे वर्षांहून अधिक जुने आहे. या अवधीत तिच्या मालकीत तीन वेळा मोठी स्थित्यंतरे झाली, आणि प्रत्येक वेळी ती एखाद्या करारनाम्याने, एका ठरलेल्या दिवशी, थोड्याशा स्वाक्षऱ्यांनी झाली. भूगर्भात उतरणाऱ्या माणसाचे हक्क मात्र असे एका दिवसात आले नाहीत. ते एकेका कलमाने, एकेका पिढीने, आणि बहुधा हवे होते त्याहून उशिरा आले. या दोन गतींतील अंतर वाचकापुढे मांडणे हाच या वृत्तांताचा हेतू आहे. कारण खाणसंस्थेचे खरे मूल्यमापन तिने किती टन खनिज वर काढले यावरून जितके होते, त्याहून अधिक ते या अंतरावरून होते अशी माझी धारणा आहे.

पूर्वपीठिका

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी बालाघाटपासून भंडाऱ्यामार्गे नागपूर व छिंदवाड्यापर्यंत धनुष्याकृती पसरलेला सुमारे दोनशे किलोमीटरांचा एक पट्टा आहे, ज्याच्या अतिप्राचीन खडकांस भूवैज्ञानिक पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर या गावावरून ‘सौसर’ शिला असे संबोधतात. या शिलांच्या थरांत मँगनीजचे साठे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मर या अधिकाऱ्याने या प्रदेशात पायपीट करून भारतातील मँगनीज साठ्यांवर जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. या साठ्यांशी निगडित असलेल्या एका विशिष्ट खडकास त्याने येथील मूळ रहिवासी असलेल्या गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ ही संज्ञा दिली, आणि ती आज जगभरच्या भूविज्ञानात रूढ आहे. ज्या समाजाचे नाव खडकास मिळाले, त्याच समाजाच्या वाट्यास त्या खडकातून निर्माण झालेल्या संपत्तीचा किती अंश आला, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा होता. संस्थेच्या इतिहासाच्या कक्षेबाहेर तो ठेवता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलाद विपुल आणि स्वस्त निपजविण्याच्या नव्या पद्धती युरोपात निघाल्या, आणि त्याबरोबर मँगनीजचे महत्त्व एकाएकी वाढले. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू आणि गंधक यांना बांधून बाहेर काढण्याचे काम हे द्रव्य करते. त्यावाचून तापलेले पोलाद ठोकताना वा लाटताना तडकते. या मागणीच्या लाटेवर १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही विलायती मंडळी मध्यप्रांतात शोधकार्यासाठी अवतरली, आणि पुढे तिचेच रूपांतर ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’त झाले. आज संस्थेकडे असलेल्या बहुतेक खाणी त्याच काळात उघडलेल्या, म्हणजे शंभरी ओलांडलेल्या आहेत.

विलायती कंपनीचा अंमल

प्रारंभीचे काम भूगर्भातले नव्हतेच. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील टेकड्यांच्या माथ्यावर खनिजाच्या काळ्याभोर शिरा उघड्याच होत्या. घण, पहार आणि सुरुंगाची दारू एवढ्या साहित्यावर डोंगर उतरविता येत होता. मालाचे मोल होते ते वाहतुकीत. नागपूर ते मुंबई हे अंतर सुमारे आठशे किलोमीटरांचे. तेथून पुढे समुद्रमार्ग. म्हणून खाणींच्या मागोमाग लोहमार्ग आले. तुमसर रोडपासून तिरोडीपर्यंत जाणारी शाखा ही या खनिजाचीच वाट आहे. पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम् येथे १९३३ साली जे बंदर खुले झाले, त्याच्या उभारणीमागील प्रमुख हेतूंपैकी एक मध्यप्रांताच्या मँगनीजला समुद्राकडे जवळचा रस्ता मिळवून देणे हा होता. रामटेकच्या डोंगराच्या छायेतील एका टेकडीने शेकडो मैल दूरच्या किनाऱ्यावर बंदर उभे करविले, हे लक्षात घेतले म्हणजे या द्रव्याच्या सामर्थ्याची कल्पना येते.

परंतु हे सारे सामर्थ्य परदेशी बाजाराच्या लहरीवर अवलंबून होते. माल कच्चा निघे, कच्चाच जहाजात चढे, आणि त्याचे पोलाद परमुलखात होई. महायुद्ध पेटले की मागणीस उधाण येई. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले तेव्हा अनेक खाणींवरील काम थंडावले, आणि ज्या गावांनी शेतीची मजुरी सोडून खाणीची हजेरी धरली होती, ती गावे पुन्हा शेताच्या बांधावर येऊन बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने अमेरिकेस होणारा पुरवठा रोखला, त्याबरोबर भारतीय खनिजास पुन्हा सुगीचे दिवस आले. आणि पुढे दक्षिण आफ्रिका व गॅबॉन येथील विस्तीर्ण साठे बाजारात उतरताच ती सुगी ओसरू लागली. भरती कोणाची आणि ओहोटी कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार खाणीवरच्या माणसास नव्हता आणि ज्या भूमीतून खनिज निघे त्या भूमीच्या सरकारासही तो पुरता नव्हता.

१९६२ चा करार आणि त्यानंतर

स्वातंत्र्यानंतर या स्थितीचा विचार होणे अपरिहार्य होते. १ मार्च १९४८ रोजी भारतीय खाण ब्यूरोची स्थापना झाली. पुढे त्याचे मुख्यालय नागपुरास आले. त्याच वर्षी खाणी व खनिजे यांच्या नियमनाचा पहिला अधिनियम झाला आणि १९५७ साली त्याची जागा अधिक विस्तृत अधिनियमाने घेतली. ३० एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावाने मँगनीजच्या खाणकामाचा समावेश ज्या उद्योगांची भावी वाढ ही शासनाची जबाबदारी ठरली त्या अनुसूचीत केला. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरास राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच शिलाथराच्या खाणी दोन राज्यांत विभागल्या गेल्या. त्यामुळे खाणींचा प्रश्न केंद्र, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि विलायती कंपनी अशा चौघांच्या संमतीने सोडवावा लागला.

हा तोडगा १९६२ साली निघाला. विलायती कंपनीची येथील मालमत्ता सरकारने घेतली आणि २२ जून १९६२ रोजी ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी नोंदविण्यात आली. तिच्या भांडवलातील शेकडा ५१ हिस्सा भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याकडे आला, आणि शेकडा ४९ हिस्सा जुन्या कंपनीकडे राहिला. आज ही तजवीज कोणास अर्धवट वाटेल. पण खाण चालविण्याचे तंत्र, परदेशी गिऱ्हाईक आणि जहाजांचे बंदोबस्त हे सारे ज्यांच्या हाती होते, त्यांना एका फटक्यात दूर सारून खाणी ओस पाडण्यापेक्षा पंधरा वर्षे बरोबर ठेवून तंत्र आत्मसात करणे अधिक शहाणपणाचे होते असा निर्वाळा पुढील इतिहासाने दिला आहे. १९७७ साली तो ४९ टक्क्यांचा हिस्साही सरकारने विकत घेतला आणि कंपनी पूर्णतः सरकारी झाली.

तिसरे स्थित्यंतर डिसेंबर २०१० मधले. ‘मॉईल लिमिटेड’ असे नवे नाव धारण केलेल्या कंपनीचे शेकडा २० समभाग सरकारांनी जनतेस विक्रीस काढले. त्यांत केंद्राचा वाटा १० टक्क्यांचा आणि दोन्ही राज्यांचा प्रत्येकी ५ टक्क्यांचा होता. प्रत्येक समभागाची किंमत ३७५ रुपये ठरली आणि १५ डिसेंबर रोजी त्यांचे व्यवहार शेअरबाजारात सुरू झाले. अशा रीतीने ज्या खाणीचा हिशेब एके काळी विलायतेस जाई, तिचा हिशेब आता सामान्य भागधारकाच्याही हाती येऊ लागला.

भूगर्भातील कार्यपद्धती

संस्थेच्या आजच्या प्रमुख खाणींपैकी सहा महाराष्ट्रात आणि चार मध्य प्रदेशात आहेत. नागपूर जिल्ह्यातील कांद्री, मनसर, बेलडोंगरी आणि गुमगाव, भंडारा जिल्ह्यातील चिखला, आणि बालाघाट जिल्ह्यातील उकवा व भरवेलीची बालाघाट खाण या सात भूमिगत आहेत. डोंगरी बुजुर्ग, तिरोडी आणि सीतापठोर या उघड्या आहेत. बालाघाटची खाण सुमारे चारशे मीटर खोल गेली असून मँगनीजच्या भूमिगत खाणींत आशियातील सर्वांत खोल म्हणून तिचा लौकिक आहे.

ज्यांनी भूमिगत खाण पाहिली नाही त्यांच्यासाठी तेथील कामाची रीत थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मँगनीजची शीर जमिनीत कोळशाच्या थरासारखी आडवी पसरलेली नसते. ती बहुधा तिरकी वा जवळजवळ उभी असते. त्यामुळे प्रथम शिरेच्या बाजूच्या घट्ट खडकात एक उभी विहीर, म्हणजे शाफ्ट, उतरवितात. तीतून ठराविक खोलीवर आडवे बोगदे काढून शिरेपर्यंत पोहोचतात, आणि मग खालून वर या क्रमाने एकेक पदर कापत जातात. कापलेली पोकळी तशीच ठेवली तर दोन्ही बाजूंच्या भिंती आत येतील; म्हणून पाण्याबरोबर नळांतून वाळू सोडून ती भरून काढतात, पाणी झिरपून गेले की घट्ट झालेली वाळूच पुढच्या पदरासाठी पायाखालची जमीन होते, आणि तीवर उभे राहून कामगार डोक्यावरचा पदर कापू लागतो. म्हणजे जो कामगार दिवसभर खाणीत असतो, त्याच्या पायाखाली काल भरलेली वाळू आणि डोक्यावर आज कापावयाचा खडक असतो. पूर्वी या खडकास लाकडी धीरे देत. आता छतात पोलादी बोल्ट ठोकतात. छताची परीक्षा करण्यासाठी काठीने ठोकून आवाज ऐकण्याची जुनी विद्या मात्र अद्याप यंत्रास पुरती साधलेली नाही. खणखणीत नाद आला तर छत धड. भदभद आवाज आला तर मागे सरायचे. हा आवाज ओळखणारा मेट, म्हणजे टोळीप्रमुख, सुशिक्षित असो वा नसो, त्याचे शब्द खाणीत आज्ञेसारखे मानले जातात, आणि ते तसे मानले गेलेच पाहिजेत.

डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत वेगळ्या जातीचा माल निघतो. येथील डायऑक्साइड प्रतीचे खनिज कोरड्या विद्युत्घटांच्या उद्योगास लागते. तेथेच १९९१ साली विद्युत्पृथक्करणाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना उभा राहिला, आणि १९९८ साली बालाघाट येथे फेरोमँगनीजचा कारखाना सुरू झाला. विलायती अमदानीत ज्या मालाचे रूप देशात बदलत नव्हते, त्यास पक्के रूप देण्याचा हा प्रयत्न, परिमाणाने लहान असला तरी, धोरणाच्या दृष्टीने फार मोलाचा होता.

श्रमिक वर्ग

आता या वृत्तांताच्या गाभ्याकडे वळतो. या खाणींवर आरंभी आलेले श्रमिक बहुतांशी आसपासच्या गावांतील गोंड व दलित समाजातील होते, आणि छत्तीसगडाकडूनही अनेक कुटुंबे आली. काम मुकादमाच्या वा ठेकेदाराच्या मार्फत मिळे. पुरुष घण चालवीत व सुरुंग भरीत. बायका खनिज फोडून त्यातील फोल दगड हाताने निवडीत आणि टोपल्या वाहून नेत. निवडीचे ते काम वरवर हलके दिसले तरी सोपे नव्हते. खनिजाची प्रत, आणि म्हणून त्याचा भाव, त्या बायकांच्या नजरेवर आणि बोटांवर अवलंबून असे. मजुरी मात्र टोपलीच्या मापाने मोजली जाई.

हिंदुस्थानातील खाणींसाठी पहिला अधिनियम १९०१ साली झाला आणि ७ जानेवारी १९०२ रोजी तपासणीचे खाते सुरू झाले. परंतु आठवड्यातून एक दिवस विसाव्याचा असलाच पाहिजे ही साधी गोष्ट कायद्यात यावयास १९२३ साल उजाडले. त्याच वर्षी अपघातात जखमी वा मृत झालेल्या कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदाही झाला. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांस भूगर्भातील कामापासून दूर करण्यास प्रारंभ झाला. युद्धकाळात, १९४३ साली, कोळशाच्या खाणींपुरती ही बंदी उठविण्यात आली आणि १९४६ साली ती पुन्हा लागू झाली. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा दुरुस्त करून घेतला, हे विदर्भातील खाणपट्ट्याने कृतज्ञतेने स्मरावे असे कार्य आहे.

१९५२ चा खाण अधिनियम हा या दीर्घ मालिकेतील मानबिंदू होय. भूगर्भात दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा, पिण्याच्या पाण्याची व प्रथमोपचाराची सोय, लहान मुलांसाठी पाळणाघर, पाचशे वा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक, आणि व्यवसायजन्य रोगांची सक्तीची वर्दी, ही सारी तरतूद त्याने केली. या रोगांत मँगनीजमुळे होणाऱ्या मज्जासंस्थेच्या विकाराचा समावेश आहे. हा विकार सावकाश जडतो. चाल बिघडते, हात थरथरतात, चेहरा भावहीन होतो, आणि घरच्या माणसांना प्रथम ते वार्धक्यच वाटते. म्हणून धुळीवर पाणी मारणे, ओल्या बरम्याने भोके पाडणे आणि नियमित वैद्यकीय तपासणी करणे ही कामे कागदोपत्री राहून चालत नाहीत.

१९७० साली कंत्राटी कामगारांच्या नियमनाचा कायदा झाला. १९७६ साली लोह, मँगनीज आणि क्रोम यांच्या खाणींतील कामगारांच्या कल्याणासाठी उपकर व निधी यांचे कायदे झाले. त्यातून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांना आधार मिळाला. कंपनी पूर्णतः सरकारी झाल्यानंतर कायम नोकरी, श्रेणीबद्ध वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि वसाहतीतील शाळा यांचे जे छत्र उभे राहिले, त्याचा अर्थ शहरातल्या माणसास सांगून समजणार नाही. ज्याच्या आजीची मजुरी टोपलीने मोजली गेली, ज्याच्या बापाने रोजंदारीच्या हजेरीपटावर अंगठा उठविला, त्याच घरातला मुलगा शाफ्टच्या तोंडाशी बिल्ला घेऊन, टोपीवर दिवा लावून, महिन्याच्या पगारावर खाली उतरतो, आणि त्याची मुलगी नागपुरास खाणशास्त्र शिकावयास जाते. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि संस्थेच्या ताळेबंदातील कोणत्याही रकमेपेक्षा तो मला मोठा वाटतो.

स्त्रियांच्या प्रश्नाने तर पूर्ण फेरा घेतला. ज्या बंदीने त्यांना अपायापासून वाचविले, तिनेच शिकलेल्या मुलींस खाणशास्त्राच्या पदवीनंतर दाराबाहेर उभे ठेवले. २०१९ च्या प्रारंभी केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेने, स्त्रीची लेखी संमती आणि सुरक्षिततेची योग्य व्यवस्था या अटींवर, तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामासाठी स्त्रियांस भूगर्भात उतरण्याची मोकळीक दिली. टोपली घेऊन बाहेर काढलेली स्त्री नव्वद वर्षांनी नकाशा घेऊन आत आली.

धोरण आणि पुढील वाट

संस्थेपुढील प्रश्न आता निराळे आहेत. १९९३ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने मँगनीजसह तेरा खनिजे खाजगी भांडवलास खुली केली. २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावाने देण्याची रीत घातली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही नवी व्यवस्था निर्माण केली. जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या शेकडा ३० इतकी अधिक रक्कम या प्रतिष्ठानात भरावयाची आणि ती खाणबाधित गावांवर खर्च व्हावयाची असा तिचा उद्देश आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत तीस कोटी टन पोलादक्षमतेचे लक्ष्य ठेविले आहे. पोलाद वाढले की मँगनीज वाढलेच पाहिजे. संस्थेने २०२३-२४ या वर्षात साडेसतरा लाख टनांहून अधिक उत्पादन करून आपला जुना उच्चांक मोडला, तरीही देशाच्या गरजेचा मोठा भाग परदेशांतून, मुख्यतः दक्षिण आफ्रिका व गॅबॉन येथून, आयात होतो. एके काळी जो देश साऱ्या जगास माल पाठवीत होता, त्याच देशास आज तो आणावा लागतो.

याचे एक कारण असे की वरवरचा उत्तम माल संपला. जो उरला तो खोल आहे आणि त्याची प्रत उतरती आहे. म्हणून नव्या व अधिक खोल शाफ्ट, हलक्या प्रतीचे खनिज धुऊन-निवडून सुधारण्याचे यंत्रालय, आणि पूर्वजांनी फोल म्हणून फेकलेल्या ढिगाऱ्यांचे पुनःशोधन हे संस्थेच्या धोरणाचे तीन आधार झाले आहेत. यांत्रिकीकरणाबरोबर कायम कामगारांची संख्या उतरत जाणार हे उघड आहे. समभागविक्रीच्या वेळी ती सहा ते सात हजारांच्या दरम्यान होती. निवृत्त होणाऱ्यांची जागा यंत्र घेणार की ठेकेदाराचा माणूस घेणार, आणि ठेकेदाराचा माणूस घेणार असेल तर तो त्याच छताखाली, त्याच धुळीत, त्याच तपासणीसह व त्याच प्रशिक्षणासह उभा राहणार की नाही, या प्रश्नाचे उत्तर पुढील पिढीच्या व्यवस्थापनाने आणि कामगार संघटनांनी मिळून द्यावयाचे आहे. छत कोसळताना ते कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही.

समारोप

आरंभी मी मांजरीच्या फलाटाचा उल्लेख केला. रुळातील मँगनीजचा वृत्तांत येथवर सांगितला; रुळाखालच्या खडीचा वृत्तांत राहिला. वाघोलीच्या बाजूच्या दगडखाणींत मराठवाड्यातून आणि कर्नाटकाच्या सीमेवरून आलेली कुटुंबे, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम करणारा वडार समाज, काळा पाषाण फोडून ज्या पुण्याच्या इमारती व रस्ते उभे करितात, त्या पुण्याच्या दप्तरी त्यांची नोंद फारशी सापडत नाही. बांधकामाचा दगड हे गौण खनिज, आणि त्याचे नियमन राज्य सरकारकडे. परंतु खनिज गौण असले म्हणून ते काढणारा माणूस गौण ठरत नाही. सहा मीटरांहून खोल गेलेल्या, पन्नासांहून अधिक माणसे लावणाऱ्या, किंवा सुरुंग उडविणाऱ्या दगडखाणीस १९५२ चा तोच अधिनियम लागू होत आला, जो बालाघाटच्या शाफ्टला लागू होता. दगड फोडण्याचे काम १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीत प्रारंभापासून होते. पाळणाघर, पिण्याचे पाणी, धुळीपासून संरक्षण, हजेरीपट, वैद्यकीय तपासणी, यांपैकी नवीन मागावे असे काहीच नाही. जे आहे ते पोहोचविणे एवढेच शिल्लक आहे. ‘संतुलन’सारख्या संस्थेने १९९७ पासून या परिसरात खाणकामगारांच्या मुलांसाठी ‘पाषाणशाळा’ चालवून ही वाट दाखविली आहे.

मँगनीजच्या खाणकामगारास आज जे संरक्षण आहे, ते त्यास कोणी दान दिलेले नाही आणि ते एका दिवसात आलेले नाही. त्यामागे कायदा, संघटना, सरकारी मालकीची जबाबदारी आणि काही प्रामाणिक अधिकाऱ्यांची दक्षता यांची दीर्घ साखळी आहे. विदर्भात जे होऊ शकले ते पुण्याच्या वेशीवर होऊ शकत नाही असे मानण्यास कोणतेही कारण मला दिसत नाही. या स्मरणिकेच्या वाचकांत जे कोणी अभियंते, अधिकारी, बांधकाम व्यावसायिक अथवा सुखवस्तू नागरिक असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, ज्या दगडावर आपले घर उभे आहे तो कोणत्या खाणीतून आला आणि तेथील कामगाराचे नाव हजेरीपटावर होते काय, हे एकदा तरी विचारावे. संस्थेच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचे सार मी त्या एका प्रश्नात ठेवतो.